खोट्या कॉम्प्युटरपायी हुकलेलं नाटक

ऊर्जानगरच्या हापिसात मी शिपाई होतो आणि कॉम्प्युटरच्या खोलीची किल्ली माझ्याकडं असायची. त्या दिवशी बायकोला वडशाला नाटक दाखवायला न्यायचं होतं. गाडी दुपारची. ती नवं लुगडं नेसून हापिसाबाहेर बाकावर बसली होती आणि आत साहेब अडकले होते; ते उठल्याशिवाय खोलीला कुलूप लावून मला निघता येत नव्हतं.

साहेबांना त्या कॉम्प्युटरच्या पोटात दुसरा एक खोटा कॉम्प्युटर चालवायचा होता. त्या खोट्यावर सिस्टम चढवायची, पण फ्लॉपी घातली की खोटा म्हणे, फ्लॉपीच नाही. साहेबांनी फ्लॉपी पुसली, फुंकली, बदलली.

बायको दारात आली. "काऊन जी, आखीन किती वेळ?"

"थांब ना. त्या खोट्याले फ्लॉपी दिसून नाई राह्यली."

"मले गाडी दिसून राह्यली. मी चालली. तुम्ही बसा खोट्याच्या बाळंतपणाले."

आणि गेली. मग साहेबांना उमगलं की फ्लॉपी खऱ्यानंच धरून ठेवलीय. त्याच्याकडून सोडवली, तेव्हा खोट्यावर सिस्टम चढली. तोवर गाडी तिला घेऊन निघून गेली होती.

दुसऱ्या दिवशी तिनं अख्खं नाटक मला चुलीपुढं करून दाखवलं. खलनायकाच्या तोंडी आमच्या साहेबाला द्यायच्या शिव्याही आपल्या पदरच्या घातल्या. पुढं दर हिवाळ्यात मी तिला तेच नाटक करायला लावायचो.

ती मेल्यावर ते नाटक आमच्या गावात आलं. पाहायला गेलो. खलनायक मिशा लावून नुसता बोंबलत होता, साहेबाला एकही शिवी देत नव्हता. मधातच उठून घरी आलो.