सुपातले चार फुटाणे

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत, दिल्लीतल्या एका राष्ट्रीय कलासंग्रहालयात, दुपारी साडेबाराच्या सुमारास एका रक्षकाने माझ्या वडिलांचं मनगट धरलं.

वडील बाहत्तर वर्षांचे आहेत. जातीने आणि कामाने बुरूड. अकोल्याच्या जुन्या शहरात ते सुपं, टोपल्या, दुरड्या विणतात. मी त्यांची मुलगी, अमरावतीच्या एका दैनिकात उपसंपादक आहे. त्यांना दिल्ली पाहायची होती, म्हणून रजा काढून मी त्यांना नेलं होतं.

चित्रांच्या दालनांतून ते भराभर चालले. शेवटच्या दालनात थांबले. पांढऱ्या बुटक्या चौथऱ्यावर एक सूप ठेवलं होतं. वरून दिवा. काच नाही, दोरी नाही. बाबा उकिडवे बसले.

"एवढ्या मोठ्या घरात सूप एकच?" ते म्हणाले. मग, "काठ पाह्य, माय. बाळापुराकडची बांधणी हाये."

मी पाटी वाचून दाखवली. सूप. बांबू. विदर्भ. कारागीर अज्ञात.

"अज्ञात म्हंजे?"

"कोणी केलं ते माहीत नाही."

"इचारलं होतं काय कोणाले?"

मी पाटी पुन्हा वाचली.

आमच्या घरात गिऱ्हाइकाच्या हाती रिकामं सूप देत नाहीत. चिमूटभर ज्वारी टाकून देतात. ज्वारी नसली तर जे हाताशी असेल ते. रिकामं सूप गेलं तर घेणाऱ्याचं घर रिकामं राहतं, असं मानतात. बाबांनी खिशातले चार फुटाणे काढून त्या सुपात ठेवले. टाकले नाहीत. ठेवले.

"अरे बाबा, कचरा कहाँ डाल रहे हो?" रक्षकाने मनगट धरलं ते तेव्हा.

आवाज ऐकून अधिकारी बाई आल्या. मराठी निघाल्या, पुण्याच्या. त्यांनी आधी सूप पाहिलं, मग बाबांचे पाय. बाबांनी चपला दालनाच्या दाराशी काढल्या होत्या.

"काका, हे तुमच्या घरातलं सूप नाही. ही कलाकृती आहे. कळतंय का?"

"सूपच हाये बाई ते," बाबा म्हणाले.

दोन-तीन लोक हसले. एका मुलीने मोबाइल वर धरला. तेव्हा मी बोलले. माझं वाक्य जसंच्या तसं देते. "माफ करा मॅडम, त्यांना समजत नाही."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं.

मनगट रक्षकाने धरलं होतं. पण बाबांची मान खाली गेली ती माझ्या वाक्यानंतर. हा क्रम मी नीट तपासला आहे. त्यात चूक नाही. मला ते नवीनही नव्हतं. शाळेच्या अर्जावर वडिलांच्या व्यवसायापुढे मी दरवर्षी 'व्यापार' लिहायची.

आम्हाला कार्यालयात नेलं. बाईंनी कोरा कागद पुढे ठेवला. बाबांच्या नावाने माफीनामा हवा होता. नाहीतर नुकसानीची तक्रार करू, म्हणाल्या. त्या सांगत गेल्या, मी लिहीत गेले. "मी अशिक्षित असल्यामुळे व मला कलेची जाण नसल्यामुळे..."

बाबा सातवी शिकलेले आहेत. सही करतात. रोजचं वर्तमानपत्र पहिल्या पानापासून वाचतात.

"लेहून दे ना माय," ते हळू आवाजात म्हणाले. "आपल्यामुळं कायले तंटा?"

'जाण' या शब्दाशी माझा पेन थांबला. चुकीची बातमी छापली गेली की आम्ही दुसऱ्या दिवशी दुरुस्ती छापतो. कितीही लाज वाटली तरी छापतो.

मी उभी राहिले. "मॅडम, मघाशी मी म्हणाले की यांना समजत नाही. ते चूक होतं. या इमारतीत त्या सुपाबद्दल सगळ्यांत जास्त यांनाच समजतं. समजत नव्हतं ते मला."

"भाषण नको. कागद पूर्ण करा."

लिहिलेल्या दोन्ही ओळी मी खोडल्या. खाली झालेली घटना लिहिली. वेळ, दालन, रक्षकाचे शब्द, बाईंचे शब्द, माझे शब्द. सुपात फुटाणे का ठेवले, ते. वडिलांचं पूर्ण नाव. व्यवसाय, बुरूडकाम. शेवटी माझी सही.

"हा माफीनामा नाही," बाई म्हणाल्या.

"नाही."

"मग मला पोलिसांना बोलवावं लागेल."

"बोलवा. आम्ही बसतो."

बाबांनी माझी बाही ओढली. मी बसून राहिले. थोड्या वेळाने त्यांनी बाही सोडली आणि खुर्चीत पाठ टेकवली. तोपर्यंत ते खुर्चीच्या कडेवर बसले होते.

चाळीस मिनिटं गेली. बाईंनी दोन फोन केले. पोलीस आले नाहीत. शेवटी "जा" असं तोंडाने न म्हणता त्यांनी दाराकडे हात केला. माझा कागद त्यांनी ठेवून घेतला.

बाहेर पायरीवर बाबा हातात आणलेल्या चपला घालत होते. "काऊन भांडली एवढी?" त्यांनी विचारलं.

"आधी भांडायला पाहिजे होतं."

"हो," ते म्हणाले. "पाह्यजे होतं."

अमरावतीला परतल्यावर मी संग्रहालयाला पत्र लिहिलं. मागण्या दोन. रक्षकाने हात धरला त्याबद्दल वडिलांना लेखी उत्तर द्या. पाटीवरचा 'अज्ञात' शब्द काढा, तिथे बुरूड कारागीर असं लिहा, आणि नाव शोधायला माणूस अकोल्याजवळच्या बाळापूरला पाठवा. कुठे विचारायचं ते बाबांनी सांगितलं, मी लिहून घेतलं. पत्राला उत्तर आलं नाही. दुसऱ्यालाही आलं नाही.

तिसरं पत्र आज सकाळी नोंदणीकृत टपालाने गेलं. त्यावर दोन सह्या आहेत. पहिली बाबांची.