एफर्टसर

पिकत्या केळ्यांचा गोडसर, किंचित आंबूस वास आला, की मला अजूनही इंग्रजी आठवते. जळगावच्या पिंप्राळ्यातल्या एफर्टसरांच्या शिकवणीत फळ्याशेजारी केळीचा घड टेकवलेला असे. रावेरकडच्या शेतातून सरांचे भाऊ तो पाठवत. ‘एफर्ट’चा अर्थ सर कोशातून सांगत नसत. नवा विद्यार्थी आला, की त्याने घड खांद्यावर घेऊन अंगणाला तीन फेऱ्या मारायच्या. केस कपाळाला चिकटले, श्वास घशात अडकला, की सर विचारत, “दम लागना का? मंग आते बोल!” मग धापा टाकत आम्ही तो शब्द घालून इंग्रजी वाक्य म्हणायचो.

“अंगातून न गेलेला शब्द वहीत लिहू नये,” असे त्यांचे ठाम मत होते. स्वतःचे अंग मात्र ते फार जपून वापरत. कोपऱ्यावरून खडू आणायलाही रिक्षा! स्कूटर सुरू झाली नाही, की ते ऐटीत बसून राहत आणि आम्ही मुली मागून ढकलत असू.

“सर, यात एफर्ट कोणाचा?” मी एकदा विचारले.

“तुमचा. मी फक्त उदाहरण देतोय,” मागे न बघता ते म्हणाले.

मी कवितेच्या नादाची. माझी वाक्ये दागिने घालूनच वहीत उतरत. त्यांखाली लाल शाईत ठरलेला शेरा पडे: एफर्ट कमी. एम. ए.ला पहिला वर्ग मिळाला, तेव्हा माझाच पेढा चघळत त्यांनी तोच शेरा तोंडी दिला.

पुढे धुळ्याच्या एका महाविद्यालयात इंग्रजी शिकवण्यासाठी मी दोनदा मुलाखत दिली आणि दोनदा नाकारली गेले. तिसऱ्या मुलाखतीच्या तयारीत माझी भूक गेली, झोप गेली, कविताही गेली. मुलाखतीच्या दिवशी सर न सांगता जळगावहून एसटीने महाविद्यालयात आले. दुखऱ्या गुडघ्यांनी तीन जिने चढून व्हरांड्यातल्या बाकावर बसले होते. सदरा पाठीला चिकटलेला, ओठ कोरडे.

संध्याकाळी यादी लागली. माझे नाव नव्हते.

“सर, पुढच्या वर्षी पुन्हा बसेन,” मी घाईघाईने बोलू लागले. “पहाटे उठेन, सगळं नव्याने वाचेन...”

सरांनी माझ्या हातातली फाईल काढून घेतली, बाकावर सरकून मला जागा केली आणि हलकेच म्हणाले, “पुरे.”