बिनदातांचा केक

महाळुंगे पडवळच्या अमृतभाऊंनी उभं आयुष्य टेम्पो चालवला. टोमॅटोचे क्रेट भरायचे आणि नारायणगावचा बाजार गाठायचा, हा त्यांचा धंदा. गुडघे क्लच दाबायला नको म्हणू लागले तेव्हा त्यांनी टेम्पो विकून टाकला आणि ते घरी बसले. घरी बसल्यावर त्यांच्या ध्यानात आलं, की टेम्पो सोडून आपल्याला काहीच येत नाही. शेती भावकीतल्या एकाला वाट्यानं दिलेली. घर आशाकाकूंच्या ताब्यात. मागची परसबाग तर लग्न होऊन आल्यापासून त्यांचीच. अमृतभाऊंच्या वाट्याला राहिलं काय, तर संध्याकाळी झाडांना पाइपनं पाणी मारणं आणि दोन म्हाताऱ्या जनावरांची उठबस.

"घरात आमी चौघं म्हातारे," ते पारावर सांगायचे. "त्यात कामाची एकटी आशा. बाकी आमी तिघं निस्ती खोगीरभरती."

त्या तिघांतला एक म्हणजे बाळ्या. पिल्लू असताना बाजारातून रिकाम्या क्रेटमध्ये तान्ह्या बाळासारखा झोपून तो आपणहून आला होता, म्हणून नाव बाळ्या. आता कान गेलेले, एका डोळ्यावर साय धरलेली. पाहुणा येऊन, चहा पिऊन, गाडीला किक मारून निघून जायचा आणि मग बाळ्या उठून फाटकाकडे तोंड करून भुंकायचा. बिबट्याच्या धाकानं दिवेलागणीला त्याला घरात घ्यावं लागे. बिबट्याची चाहूल लागली की आळीतली सगळी कुत्री कोकलायची, बाळ्या मात्र निवांत पडून राहायचा. कुत्रं किती धीराचं आहे बघा, असं अमृतभाऊ लोकांना सांगत. त्याला ऐकू येत नाही, हे सांगायचं तेवढं राहून जाई.

दुसरी बिजली मांजरी. एके काळी ती या कौलांवरून त्या कौलांवर नुसती लखलखत जायची. आता वाकळेच्या घडीवर पसरलेली असायची आणि उंदीर समोरून गेला तर एक डोळा उघडून त्याला वाट द्यायची.

अशात त्यांच्या मुलानं, गोकुळनं, चाकणच्या फ्लॅटवर नवा मोठा ओव्हन घेतला आणि जुना गावाला आणून दिला. आशाकाकूंनी त्यात लसूण ठेवायचा बेत केला होता. पण अमृतभाऊंनी मोबाइलवर कुणाचा तरी व्हिडिओ बघितला आणि जाहीर केलं, की उद्यापासून घरची नानकटाई आपण भाजणार. ज्यानं भरलेला टेम्पो पावसात घाटातून उतरवला, त्याला हे एवढंसं डबडं काय अवघड आहे, असं त्यांचं म्हणणं.

डबडं अवघड निघालं. पहिली नानकटाई आशाकाकूंनी चहात बुडवली. चहा पिऊन झाला तरी नानकटाई होती तशीच कपाच्या तळाशी. दुसऱ्या खेपेला लाईट गेली आणि अर्धवट भाजलेलं पीठ ओव्हनमध्येच थंड झालं. मग पाव झाला. तो फुगलाच नाही. अमृतभाऊंनी तो शेजारी वाटला तेव्हा शेजाऱ्यांनी तो देवाचा प्रसाद घ्यावा तसा दोन्ही हातांनी घेतला, पण खाताना काही कुणी दिसलं नाही. पुढं पुढं तर अमृतभाऊ डबा घेऊन निघाले की समोरच्या घरातली माणसं मागच्या दारानं शेतावर जायची.

एकट्या बाळ्याला कदर होती. अमृतभाऊंनी नानकटाई पुढं धरली की तो ती अलगद तोंडात घ्यायचा, मान जराशी हलवायचा आणि पाय ओढत घरामागं परसात जायचा. समोर बसून अधाशासारखं हादडणं नाही, आपलं निवांत झाडांच्या सावलीत जाऊन खाणं. अमृतभाऊंचा ऊर भरून यायचा. मुकं जनावर खोटं बोलत नाही, असं ते आशाकाकूंना दोनदोनदा ऐकवत. आशाकाकू भाकरी थापत राहायच्या.

फाल्गुन लागला. शेवग्याला फुलं आली, बांधावरच्या आंब्याचा मोहोर गळून कैऱ्या धरल्या, आणि परसातल्या मोगऱ्याला कळ्यांचे दाणे दिसू लागले. आशाकाकू म्हणाल्या, मोगऱ्याची आळी करून शेणखत घाला, नुसतं पाइप धरून उभं राहून बाग होत नसती. अमृतभाऊंनी कुदळ घेतली. गुडघ्यांना शिव्या देत ते खाली बसले आणि पहिल्या मोगऱ्याच्या बुडाशी माती उकरली. कुदळीला काहीतरी टणक लागलं. दगड असेल म्हणून त्यांनी तो काढला. दगड गोल होता, आणि त्याच्यावर मधोमध बदामाचा काप बसवलेला होता.

पुढच्या आळ्यात दोन नानकटाया निघाल्या. लिंबाखाली तर ढीगच. काही नव्या, काही जुन्या, काहींवर मातीची पुटं चढलेली, पण एकही फुटलेली नाही. पावाचा एक तुकडा निघाला, तोही शाबूत. मुंग्यांनीसुद्धा कोपरा कुरतडून सोडून दिलेला. अमृतभाऊ ते सगळं ओळीनं मांडून बघत बसले. वर्षभराची त्यांची पाककला मातीतून बाहेर येऊन उन्हात पडली होती. बाळ्या शेजारीच होता. त्यानं एक नानकटाई हुंगली, उचलली आणि पुन्हा उकरलेल्या खड्ड्यात नेऊन ठेवली.

आशाकाकू चहा घेऊन आल्या होत्या. त्या पायरीवर बसल्या त्या बराच वेळ उठल्याच नाहीत. हसून हसून त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि अमृतभाऊंनी तोंड पाडलेलं बघून त्यांना पुन्हा हसू फुटलं.

दुपारी अमृतभाऊ पारावर गेले आणि कुणी विचारायच्या आत आपली फजिती आपणच सांगून मोकळे झाले. ती गोष्ट आशाच्या तोंडून गावात गेली असती तर वर तिखटमीठ लागलं असतं. सांगताना त्यांनी नानकटाया थोड्या वाढवल्या, खड्डे थोडे खोल केले. लोक पोट धरून हसले. बाळ्यानं घराचा पाया पक्का करायला घेतलाय, असं एक जण म्हणाला, त्यावर अमृतभाऊही हसले. पण घरी येताना त्यांच्या मनात एक गोष्ट घर करून बसली. नको होतं तर कुत्र्यानं तोंडात घेतलं कशाला? नुसतं हुंगून सोडलं असतं, बिजली सोडायची तसं.

दोन दिवसांनी शेजारच्या गोठ्यात गाय बघायला गुरांचे डॉक्टर आले होते. अमृतभाऊंनी त्यांना हाताला धरूनच घरी आणलं. डॉक्टरांनी बाळ्याचा जबडा उघडून बॅटरी मारली. मागच्या दाढा पार झिजलेल्या, दोन तुटलेल्या, हिरडी सुजलेली. धड म्हणावा असा एकच सुळा उरला होता. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि सांगितलं, की याला कडक काही देऊ नका, गोड तर अजिबात नको. मऊ, ओलसर असं द्या.

"भाऊ, ह्याचं तोंड लई दिवसांपास्नं दुखत असणार," ते म्हणाले. "दाखवत नसतात ही जनावरं."

डॉक्टर गेल्यावर अमृतभाऊ बाळ्याजवळ फरशीवर बसले. आपण रोज एवढ्या हौसेनं त्याच्या दुखऱ्या तोंडात दगड दिला आणि त्यानं तो आपल्या तोंडाकडे बघून घेतला, एवढंच त्यांच्या डोक्यात फिरत राहिलं. तोंडावर पडण्याची त्यांना सवय होती. पण हे निराळं होतं. बसल्यावर उठता येईना, तेव्हा आशाकाकूंना हाक मारावी लागली. त्यांनी एका हातानं नवऱ्याला उठवलं आणि दुसऱ्या हातानं बाळ्यापुढं दूधभात सरकवला.

दुसऱ्या दिवसापासून अमृतभाऊंनी नानकटाईचं नाव टाकलं. बाळ्याला चावावं लागणार नाही असं काही भाजायचं, एवढंच त्यांनी मनाशी धरलं. कणीक घेतली, लाल भोपळा उकडून कुस्करला, अंडं फोडलं, साखरेला हात लावला नाही. पहिला घाणा चिकट झाला. दुसरा बरा झाला पण कडा वाळल्या. त्यांनी कडा कापून स्वतः खाल्ल्या, आणि तेव्हा त्यांना पहिल्यांदाच कळलं, की आपण लोकांना काय काय खायला घालत होतो. पुढचा घाणा ओव्हनमधून लवकर काढला आणि ओल्या फडक्यानं झाकून ठेवला. बोट लावलं की दबत होता आणि परत वर येत होता. त्याचा तुकडा ताटलीत घालून ते बाजूला झाले. परसाकडचं दार त्यांनी मुद्दाम लावून घेतलं होतं. बाळ्यानं हुंगलं, जिभेनं जरा ढकललं आणि तिथंच उभं राहून संपवलं. मग ताटली चाटत चाटत ती पार न्हाणीपर्यंत नेली.

अमृतभाऊंनी ही गोष्ट पारावर सांगितली नाही.

चैत्रात नातीचा, आरोहीचा, वाढदिवस आला. गोकुळ दुकानातून केक आणणार होता, पण अमृतभाऊंनी फोनवर त्याला सांगितलं, की केक घरचाच होणार. भोपळ्याच्या यशानं डोकं परत वर चढलं होतं. मंडळी आली, केक ओव्हनमध्ये गेला, आणि लाईट गेली. अमृतभाऊ डोक्याला हात लावून बसले. आशाकाकूंनी चूल पेटवली, जर्मनच्या पातेल्यात वाळू घातली, केकचं भांडं आत ठेवलं आणि झाकणावर निखारे टाकले. केक झाला खरा. मात्र एक बाजू खोल आणि दुसरी चढाला लागलेली. ती बाजू लपवायला अमृतभाऊंनी वरून घोटलेली साय थापली. आरोहीनं परसातल्या मोगऱ्याची फुलं तोडून आणली आणि केकच्या कडेनं मांडली. मग सगळे तिचा नवा फ्रॉक बघायला ओटीवर गेले.

परत येऊन बघतात तो बिजली टेबलावर. गेल्या कित्येक महिन्यांत ती साध्या पाटावर चढली नव्हती. ती चढाच्या बाजूनं शांतपणे साय चाटत होती, आणि मिशीला मोगऱ्याची पाकळी चिकटली होती. गोकुळ हाकलायला पुढं झाला, तर आरोहीनं त्याचा हात धरला. आशाकाकू म्हणाल्या, "असू दे. एवढी उडी मारली तिनं, तिला खाऊ दे." सगळे उभे राहून मांजरीचं खाणं बघत राहिले. तिला उतरायला जमेना तेव्हा अमृतभाऊंनीच उचलून खाली ठेवली.

शेजारच्या सारजाबाईंना वाढदिवसाला बोलावलं होतं. ऐंशी केव्हाच ओलांडलेल्या, तोंडात दोनच दात. दातांची कवळी त्यांना कधी मानवली नाही. केकचा तो प्रकार झाल्यावर आशाकाकू सगळ्यांसाठी शेवया करायला उठल्या. तेवढ्यात सारजाबाईंनी कट्ट्यावरचं ओलं फडकं उचललं, खालचा पिवळाधमक तुकडा घेतला आणि खायला लागल्या. तो बाळ्याचा होता. सांगावं तर म्हातारीला वाईट वाटायचं, न सांगावं तर पाप. त्या दुसऱ्या तुकड्याला हात घालू लागल्या तेव्हा अमृतभाऊंच्यानं राहवेना.

"आत्ये," ते हळूच म्हणाले, "ते कुत्र्यासाठी केल्यालं हाये."

सारजाबाईंनी हातातल्या तुकड्याकडे बघितलं, मग बाळ्याकडे.

"मग?" त्या म्हणाल्या. "दातांबिगर खाता येतंय, त्ये काय कमी हाये का? लई दिवसांनी कायतरी भिजवल्याबिगर खाल्लं बघ. आता आसं कर अमृता, माझा निराळा भाजत जा. ह्या मुक्याच्या वाटणीचं खाल्लेलं बरं न्हाई दिसत. आन् माझ्यात जरा गूळ घाल."

आपणहून कुणी अमृतभाऊंचं भाजलेलं काही खाल्लं, वर आणखी मागितलं, असं ओव्हन घरी आल्यापासून घडलं नव्हतं.

आता आठवड्यातून दोनदा ते दोन भांडी लावतात, एक गुळाचं आणि एक बिनगुळाचं. अदलाबदल होऊ नये म्हणून गुळाच्या भांड्याला दोरा बांधतात. पारावर कुणी विचारलं, की बेकरी कशी चाललीय, तर ते सांगतात, "गिऱ्हाईक दोनच हायेत राव. दोघांत मिळून दात तीन. त्यामुळं तक्रार नाय."

सकाळी ऊन परसात आलं की सारजाबाई मोगऱ्याजवळ पोत्यावर येऊन बसतात. बाळ्या त्यांच्या पायाशी असतो. अमृतभाऊ दोन ताटल्या ठेवतात आणि कुदळ घेऊन लिंबाच्या आळ्याकडे जातात. आशाकाकू आतून सांगतात, पाणी जपून घाला, मुळं कुजतील. ते हो म्हणतात, आणि घालायचं तेवढं घालतातच.