शार्दोनेची पहिली बाटली

भावाचं आजारपण निस्तरलं, तो घरी आला आणि मला एकदम काहीच करावंसं वाटेना. म्हणून पुण्याहून निघाले. खालापूर तालुक्यात एक कुटुंब फेसाळती वाइन करतं, एवढंच ऐकून होते. चौकला वळायचं चुकले आणि रसायनीच्या कारखान्यांच्या वासात जाऊन पोचले. परत फिरेपर्यंत ऑक्टोबरचं ऊन डोक्यात गेलं होतं.

भाताची खाचरं पिवळी पडली होती. त्यांच्या वरच्या अंगाला वरकस जमिनीत (डोंगरउताराची हलकी जमीन) तारांवर द्राक्षवेली चढवलेल्या. दमट हवेने पानं डागाळलेली. मी फोन केल्यावर त्या कुटुंबातली मुलगी रेश्मा मला न्यायला आली. तिशीची असेल, पण डोळ्यांखाली काळं. इतकी वर्षं ती नाशिककडची द्राक्षं आणून वाइन करायची. मग हट्टाने इथेच शार्दोने (वाइनची हिरवट-पिवळी द्राक्षं) लावली. त्या द्राक्षांची पहिली वाइन आज उघडायची होती.

"बाबांनी सांगून ठेवलंय," ती चालता चालता म्हणाली, "ही जमली नाही तर वेली उपटायच्या."

तिचे वडील अनंतकाका ओटीवर बसले होते. आई सुमनकाकूंनी तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाचं कालवण मांडलं. रेश्माने बाटली जपून उघडली. आवाज आलाच नाही. पेल्यात फिकट सोनेरी वाइन उतरली आणि पाण्यासारखी निपचित राहिली. दुसरी बाटली उघडली. तीही तशीच.

"झाकणं सैल बसली," रेश्मा हळूच म्हणाली. "सगळा गॅस गेला. सगळ्या बाटल्यांना हीच झाकणं आहेत." आणि ती पायरीवर बसली. कुठे बघावं, मला कळेना.

अनंतकाकांनी पेला उचलला, घोट घेतला, बराच वेळ तोंडात धरला.

"आंबट हाय," ते म्हणाले. "पन वायट नाय. गॅस झाकनातून गेला ना? मंग येलींचा काय दोष?"

रेश्माने मान वर केली, तसे ते पुढे म्हणाले,

"मानसं सांगतो. गोडी छाटनी (फळासाठी करतात ती छाटणी) करून घेऊ."

आता ती हसेल, असं मला वाटलं. ती रडायला लागली. "मी दमले, बाबा. उपटा म्हणालात तर सुटेन, असंच वाटत होतं. मला परत नाय जमायचं."

काकूंनी तिच्यापुढे ताट सरकवलं. "आदी जेव गं."

काकांनी हातातला पेला बाजूला ठेवला. मग म्हणाले, "या साली तू नुसती झोप. छाटनी मी बगतो. मला येत नाय, तर इचारीन तुला."

मीही जेवले. ती बिनफेसाची वाइन कालवणाबरोबर छान लागली. तसं सांगितलं, तर काकू लाजल्या, जणू वाइन त्यांनीच केली होती. मी निघाले तेव्हा रेश्मा ओटीवरच्या कॉटवर गाढ झोपली होती आणि काका वेलींमधून एकटेच फिरत होते, एकेक काडी हातात धरून बघत.

घाट चढताना त्या दोघांचाच विचार करत होते. दमलेल्या माणसाला आपण धीर देत बसतो. त्या बापाने मुलीला धीर दिला नाही, तिचं काम तेवढं आपल्याकडे घेतलं. पुढच्या साली ती वेलींकडे वळेल की नाही, मला माहीत नाही. मी विचारलंही नाही.