धारेचा गाऊन

ह्यांच्या कंपनीतला एक जण बायकोला घेऊन थायलंडला जाऊन आला, आणि तेव्हापासून ह्यांच्या मोबाईलमध्ये समुद्राशिवाय दुसरं काही दिसेना. हुआ हिन नावाचं गाव ठरलं. तिथं बघण्यासारखं फार काही नाही, नुसतं वाळूत पडून राहायचं, हीच म्हणे त्या गावाची मजा. पासपोर्ट आले, सुट्टी मंजूर झाली. तिकीट तेवढं माझ्या होकारावर अडलं होतं.

कारण म्हैस. तिचं रेडकू जन्मल्यावर लगेच गेलं, तेव्हापासून ती फक्त माझ्या हाताला पान्हा सोडते. हे बादली घेऊन बसले की पान्हा चोरून खुशाल रवंथ करत उभी राहते. त्यामुळे खुटबावला माहेरी गेले तरी संध्याकाळच्या धारेला मी केंदूरला हजर. धारा चुकल्या तर कास दगडासारखी होईल, सड सुजतील, म्हैस आटेल. हे वाळूवरच्या छत्र्यांचे फोटो दाखवायचे आणि मला सुजलेली कास दिसायची.

धाकटी जाऊ शेजारीच राहते. तिनं दोनदा बसून पाहिलं. एकदा म्हशीनं पाय झाडला, एकदा बादलीच लवंडली. मी वरवर हळहळले, पण खरं सांगते, जीव भांड्यात पडला. जाऊ मात्र चिवट.

"ताई, तुमचा धारंचा गाऊन द्या," ती म्हणाली. "तिला वासाचीच वळख आसंल."

धारेला मी एकच निळा गाऊन घालते. शेण, पेंड, दूध, घाम, सगळं त्यात मुरलेलं. जावेनं तो अंगात घातला आणि म्हशीला दिसू नये म्हणून मला गोठ्यामागं उभं केलं. बराच वेळ काही ऐकू येईना. देवाकडं मी नेमकं काय मागत होते, माझं मलाच कळत नव्हतं. मग बादलीत एक धार वाजली. मग दुसरी, आणि मग थांबेचना.

हे मागं आले तेव्हा मी रडत होते. आता तरी तिकीट काढू का, असं त्यांनी विचारलं.

"म्हशीचं माझ्याबिगर भागतंय," मी म्हणाले. "आन् तितं मी करू काय? धार न्हाई, सैपाक न्हाई. दिसभर निस्ती तुमच्याफुडं बसू? काय बोलायचं आपण?"

मला वाटलं, आता हे चेष्टा करणार. पण ते पेंडीच्या पोत्यावर बसले. लाईट कधी येणार, मोटार कुणी चालू करायची, कांद्याला काय भाव मिळाला, यापलीकडं आमचं बोलणं कित्येक वर्षांत गेलं नव्हतं.

"मलाबी त्याचंच भ्या वाटतंय," ते म्हणाले. "म्हून तर आसं गाव हुडकलं. बघायला लई काय आसलं, तर आपण तितंबी बोलायचो न्हाई."

मी डोळे पुसले आणि गोठ्यात गेले. धाकटी जाऊ गाऊन काढून धुण्याच्या बादलीत टाकत होती. मी तो तिच्या हातातून घेतला, झटकला आणि खुंटीला अडकवला.

"आमी येस्तवर ह्यो धुऊ नगंस," मी तिला सांगितलं.