चव घेतलेली माणसं

सुमन गेल्याची बातमी मला कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कळली, आणि ती टाकली होती सेक्रेटरीसाहेबांनी. ‘वृक्षप्रेमी सुमनताई आपल्यातून निघून गेल्या…’ खाली जोडलेल्या हातांची चित्रं. तिनं वाढवलेलं जांभूळ, ती दवाखान्यात असताना, याच माणसानं तोडून घेतलं होतं. का, तर फळांचे डाग गाड्यांवर पडतात. मला आधी रडू यायला हवं होतं. आधी संताप आला, आणि तो अजून उतरलेला नाही.

आम्ही दोघी एकाच शाळेत शिक्षिका. निवृत्तीनंतर मी टीव्हीपुढे बसले आणि ही बाई एसटीनं हरसूलच्या बाजाराला जाऊ लागली. आळू, करवंदं, तोरणं, ज्या दिवसांत जे रानफळ मिळेल ते पिशवी भरून आणायची आणि कॉलनीतल्या पोरांना वाटायची. पोरांना किवी माहीत, आळू नाही, हे तिच्या फार जिव्हारी लागायचं. तिचा नियम एकच. आधी फळ खायचं, मग त्याचंच बी लावायचं. कॉलनीच्या मोकळ्या जागेतली सगळी झाडं अशीच पोरांच्या तोंडातून मातीत गेली. ज्यानं चव घेतली तो झाडाला कुणाला हात लावू देणार नाही, असं ती म्हणायची. मलाही ते पटलं होतं.

शोकसभा विहारात झाली. सेक्रेटरीसाहेब छान बोलले, ते त्यांना जमतंच. मग म्हणाले, ताईंच्या नावानं त्या जांभळाच्या जागी शोभेचे पाम लावू, म्हणजे कचरा होणार नाही. मला बसवेना. उभी राहून विचारलं, “त्या झाडाचं एक तरी जांभूळ तुम्ही खाल्लं होतं का?”

“खाल्लं की, मॅडम. दर वर्षी डबा यायचा. माझ्या शुगरसाठी बियांची पूडसुद्धा ताईच करून द्यायच्या. लय गुण होता त्याला.”

अगदी सहज सांगितलं त्यांनी, आणि सभेनं माना डोलावल्या. करवत चालू असताना खिडक्या लावून बसलेले सगळे तिथं होते, आणि त्यातल्या प्रत्येकानं ती जांभळं खाल्ली होती… सुमन, तुझं साफ चुकलं गं.

परवा तिच्या घरी गेले. भाऊजींनी, म्हणजे तिच्या मिस्टरांनी, चहा केला आणि फडताळातली एक काचेची बाटली माझ्यापुढे ठेवली. दवाखान्यातून आल्यावर सुमननं बसून कुटलेली पूड, त्याच झाडाच्या शेवटच्या बियांची.

“सेक्रेटरींना द्या म्हणाली होती. माझ्यानं त्यांच्या दारात जाववत नाही. तुम्ही द्याल?”

झाडाचं तिला कळलं होतं ना, असं मी विचारलं.

“गॅलरीतून दिसतंच की. म्हणाली, झाड गेलं, पण त्यांची शुगर कुठं गेलीय?”

बाटली आता माझ्या ओट्यावर आहे. मोरीत ओतवत नाही आणि त्या दारापर्यंत नेववतही नाही. सुमन, तू असतीस तर यावरून तुझ्याशी कडाकडा भांडले असते.