आर्लिसचा वरचा सूर

व्हिडिओ तीन मिनिटं बारा सेकंदांचा आहे. तो मी काढला. त्यावर एक ओळ लिहून तो लोकांसमोर टाकला, तोही मीच.

व्हिडिओत आर्लिस कॉम्ब्स आहे. आमच्या खोऱ्यात त्याला ओळखत नाही असं कुणी नव्हतं. एकतीस वर्षं तो कोळशाच्या खाणीत होता. वरचा दगड खाली येऊ नये म्हणून छताला भोकं पाडायची आणि त्यात लांब सळया बसवायच्या, हे त्याचं काम. भोक पाडताना धूळ सरळ तोंडावर येते. अठ्ठावन्नाव्या वर्षी त्याला दारापासून टपालपेटीपर्यंत जाताना दोनदा थांबावं लागायचं.

पण लोक त्याला ओळखायचे ते गळ्यासाठी. ब्लूग्रास म्हणजे आमच्याकडची डोंगरी गाणी, त्यांत मुख्य गाणाऱ्याच्या वर आणखी एक आवाज चढतो. उंच, धारदार, जरा रडवा. पाळी संपली की खाणीच्या न्हाणीघरात कुणीतरी एखादं गाणं सुरू करायचं आणि आर्लिस त्याच्यावर हा वरचा सूर लावायचा. डोक्याला साबण लावलेली माणसं नळ बंद करून उभी राहायची, असं माझे वडील सांगतात. तेही त्यांच्यातलेच.

माझी त्याची मैत्री कागदांमुळे झाली. शहरात चार वर्षं साहित्य शिकून मी परत आले आणि गावच्या वाचनालयात लागले. एक दिवस तो नाकात नळी, हातात ऑक्सिजनचा छोटा सिलिंडर आणि काखेत कागदांचा गठ्ठा घेऊन आला.

"कविता शिकलेली ती पोरगी तूच ना?"

"हो."

"मग हे वाच. चाळीस पानं आहेत आणि एक यमक नाही."

तो 'काळ्या फुप्फुसा'चा अर्ज होता. खाणीतल्या धुळीनं फुप्फुस गेलं हे सिद्ध झालं, तर कंपनीनं औषधपाणी करायचं, दरमहा पैसे द्यायचे, आणि माणूस गेल्यावर त्याच्या बायकोला द्यायचे. आमच्या डॉक्टरांनी लिहिलं होतं, फुप्फुस गेलंय. कंपनीच्या डॉक्टरांनी लिहिलं होतं, तपासणीच्या नळीत हा मुद्दाम कमी फुंकतो.

"मुद्दाम," आर्लिस म्हणाला. "केकवरची मेणबत्ती विझत नाही माझ्यानं. नातवंडं हसतात."

अर्ज मी भरला. मग तो दर मंगळवारी यायला लागला. येताना कॅसेटी आणायचा, सगळ्या टॅकेट बंधूंच्या. एमरी टॅकेट मुख्य गायचा, त्याचा धाकटा भाऊ वेड वरचा सूर लावायचा. वेड कुठे श्वास घेतो, कुठे घोट गिळतो, हे आर्लिसला पाठ होतं. इतकी वर्षं ऐकून त्यानं त्यांना समोर कधी पाहिलं नव्हतं. ते मोठ्या शहरांतून गायचे आणि शनिवारी ह्याची पाळी असायची.

वेड वारला. एमरी शहात्तर वर्षांचा झाला आणि लहान लहान गावांतून गायला लागला. मार्चमधल्या एका शनिवारी दुपारी तो आमच्या बंद पडलेल्या शाळेत येणार होता.

मी आर्लिस आणि त्याची बायको नेवा यांना गाडीतून घेऊन गेले. आर्लिसनं इस्त्रीचा पांढरा शर्ट आणि टोपी घातली होती. दाराशी चर्चच्या बायका घेवड्याचं कालवण, मक्याचा पाव आणि सफरचंद भरून तळलेल्या करंज्या विकत होत्या.

"काय रे आर्लिस, हा सिलिंडर आत न्यायचा?"

"नेतो बाई. चावत नाही."

"आणि नेवा, तू गं? ह्याच्या गळ्यात पट्टा घालायचास."

"चाळीस वर्षं घालतेय," नेवा म्हणाली. "हा तोडतो."

दीडशेएक माणसं होती. शाळेच्याच खुर्च्या, बुटक्या. मंचावर एकच माइक. ह्या लोकांची तीच रीत: ज्याची पाळी तो पुढे सरकतो, बाकीचे मागे होतात. एमरी बारीक झाला होता. पहिलं गाणं सुरू झालं आणि आर्लिस माझ्याकडे वाकला.

"पट्टी उतरवलीय त्यानं," तो हळूच म्हणाला. "दोन पायऱ्या. म्हातारा झाला गं."

त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. पण तो हसत होता.

शेवटून तिसऱ्या गाण्याआधी एमरीनं बॅन्जो खाली केला. "हे गाणं मी आणि वेड गायचो," तो म्हणाला. "त्याची जागा मी कुणाला दिलेली नाही. फक्त जातो त्या गावात एकदा विचारतो. आहे का कुणी, वरचा सूर लावणारं?"

सगळ्या खुर्च्या वळल्या. "आर्लिस!" मागून कुणीतरी ओरडलं. मग सगळेच.

नेवानं त्याची बाही धरली. त्यानं नाकातली नळी काढली, तिच्या हातात दिली आणि उठला.

मी फोन काढला.

व्हिडिओत हे दिसतं: एमरी डावीकडे, आर्लिस उजवीकडे, मध्ये माइक. आर्लिसच्या मागे मोठं उभं बास हे तंतुवाद्य वाजवणारी एमरीची मुलगी डार्सी. ती आर्लिसच्या रुंद खांद्याआड गेलीय, दिसते फक्त बासची मान. एमरी कडवं गातो. मग ध्रुवपद येतं. आर्लिसचं तोंड उघडतं आणि तो आवाज येतो. उंच, धारदार. माझ्या शेजारचा माणूस टोपी काढून उभा राहिला. गाणं संपल्यावर एमरी माइकमध्ये म्हणतो, "वेड, ऐकलंस का रे? हा आर्लिस कॉम्ब्स." मग टाळ्या, आणि व्हिडिओ संपतो.

टाळ्या चालू असतानाच मी तो नेटवर टाकलासुद्धा. वर लिहिलं: 'कोण म्हणतं आर्लिसचा दम संपला?' ओळ मला आवडली होती.

आर्लिस मंचावरून मागच्या दारानं बाहेर गेला होता. मी गेले तेव्हा तो पायरीवर बसला होता. ओठ निळे. नेवानं नळी लावली आणि दुसरा सिलिंडर आणायला गाडीकडे पळाली.

दोन-तीन श्वास घेऊन तो बोलला.

"मी गायलो नाही."

"काय?"

"तोंड उघडलं. हवाच नव्हती. मग कानाशी आवाज आला. ती पोरगी गायली, मागून. एमरीला कळलं. त्यानं माझ्याकडे बघून मान हलवली. म्हणजे, चालू दे."

डार्सी मंचावर कधी गात नाही. तिचा आवाज कुणाला माहीत नव्हता.

"मी व्हिडिओ टाकलाय," मी म्हणाले. "काढून टाकते."

गाडीकडून नेवा येत होती. सिलिंडर तिनं तान्ह्या मुलासारखा धरला होता. "राहू दे," तो म्हणाला. "तिला बघू दे."

व्हिडिओ खोरंभर फिरला. दुकानात लोक त्याला थांबवून हात मिळवायचे. माझे वडील रडले. नेवा रोज सकाळी भांडी पुसताना फोनवर तो लावायची. आर्लिस आतल्या खोलीत यंत्राला जोडलेला पडून असायचा. त्याला ऐकू यायचं.

मे महिन्यात आर्लिसचा अर्ज लढवणाऱ्या वकीलबाईंचा फोन आला. सुनावणीला दोन आठवडे होते. कंपनीच्या वकिलानं पुराव्यांच्या यादीत तो व्हिडिओ घातला होता.

मी डार्सीचा नंबर शोधला. ती लगेच म्हणाली, "मी येऊन सांगेन. पण त्यांना विचारा आधी. त्यांनी हो म्हटलं तरच."

मी आर्लिसकडे गेले. नेवा मागे कपडे वाळत घालत होती.

"डार्सी यायला तयार आहे," मी म्हणाले. "दोन वाक्यांचं काम आहे."

"नाही."

"आर्लिस, अर्ज नामंजूर होईल."

"एमरीनं भरल्या सभेत माझं नाव घेतलं. वेडचं नाव घेऊन. त्याला खोटारडा ठरवू?"

"एमरी समजून घेईल."

"एमरी घेईल गं." खिडकीतून नेवा दिसत होती. तोंडात चिमटे, हात वर. "तिनं माझ्याशी लग्न का केलं ठाऊक आहे? चर्चच्या सहलीत मी गायलो म्हणून. दिसायला मी तेव्हाही असाच होतो. ती आता रोज ऐकते ते. रोज, पोरी. आणि मी भर कोर्टात सांगू, की ती मागची बाई होती?"

"तुमच्या मागे नेवाला काही मिळणार नाही."

"कळतं मला."

"मग?"

"न्यायाधीश फोटो बघेल ना फुप्फुसाचे. आंधळा नसेल." मग म्हणाला, "तू बोलणार नाहीस. शपथ घे."

मी घेतली.

सुनावणी कोर्टाच्या वरच्या मजल्यावर होती. लिफ्ट बंद होती. आर्लिसला जिना चढायला वीस मिनिटं लागली, ती कुणी पुराव्यात धरली नाहीत. नेवा पुढच्या बाकावर बसली, मी मागे.

कंपनीचा वकील माझ्याच वयाचा होता, सभ्य. त्यानं पडदा लावला. व्हिडिओ चालू करण्याआधी वरची ओळ मोठ्यानं वाचली. "कोण म्हणतं आर्लिसचा दम संपला?" मग क्षणभर थांबला. कुठे थांबायचं हे त्याला चांगलं कळत होतं.

खोलीभर तो आवाज झाला.

"मिस्टर कॉम्ब्स, शपथेवर सांगा. पडद्यावर आहात ते तुम्हीच?"

"हो साहेब."

"आणि हा वरचा आवाज. तो तुमचा?"

आर्लिसनं नेवाकडे पाहिलं. ती त्याच्याकडे बघत होती.

"हो साहेब. माझाच."

"धन्यवाद. मला आणखी काही विचारायचं नाही."

मी उठले नाही. अजूनही रोज मी त्या बाकावर असते आणि उठत नाही.

निकाल ऑगस्टमध्ये आला. नामंजूर. श्वासाच्या तपासण्यांवर विसंबता येत नाही, कारण अर्जदारानं त्या प्रामाणिकपणे दिल्या असं दिसत नाही. त्याखाली व्हिडिओचा उल्लेख होता, मिनिटं आणि सेकंदांसकट. वकीलबाई म्हणाल्या, वर दाद मागू, दोनेक वर्षं लागतील. आर्लिसला दोन वर्षं नव्हती. नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंग सणाच्या आदल्या दिवशी तो गेला, खुर्चीत बसून. आडवं होणं त्याला महिनाभर जमलं नव्हतं.

डिसेंबरात मी नेवाकडे गेले. ऑक्सिजनचं यंत्र परत गेलं होतं, भिंतीशी त्याचा चौकोनी डाग होता. ती बशा वर्तमानपत्रात गुंडाळत होती. घर एकटीला झेपणार नव्हतं. बहिणीकडे ओहायोला जायचं ठरलं होतं.

मी बशा घेऊन गुंडाळायला लागले. मग म्हणाले, "नेवा, मला एक सांगायचंय."

"डार्सीचं?"

माझ्या हातातली बशी तशीच राहिली.

"चाळीस वर्षं त्या माणसाच्या शेजारी झोपले मी," ती म्हणाली. "त्याचा आवाज मला कळणार नाही?"

"मग तिथे का नाही बोललात?"

"तो माझ्याकडे बघून म्हणाला, माझाच. तू पाहिलंस ना? मी काय उठून म्हणू, हा खोटं बोलतोय?"

"पण तुम्ही रोज लावायचात. त्यांना वाटायचं..."

"काय वाटायचं?"

मी सांगितलं. तिनं ऐकलं. हातातली बशी गुंडाळून खोक्यात ठेवली, आणखी एक घेतली, तीही ठेवली.

"गाढव," ती म्हणाली. "आवाजासाठी कोण लावत होतं."

मग तिनं माझ्यापुढे हात केला. "फोन दे. लाव ते."

मी लावलं.

"आवाज बंद कर."

मी केला. एमरीचे ओठ हलले. मग आर्लिसनं तोंड उघडलं. आवाज नसताना मला पहिल्यांदाच दिसलं. मानेच्या शिरा ताठ झालेल्या, एक हात माइकच्या दांड्यावर आणि त्या हातावर सगळं अंग तोललेलं. छाती एकदा वर गेली आणि तिथेच अडकली.

नेवानं काचेवर बोट ठेवलं.

"हे बघ," ती म्हणाली. "इथे संपला त्याचा दम. दिसतं ना?"

दिसत होतं. एक मिनिट चार सेकंद. कुणालाही दिसलं असतं.